पायाखालचं बटण

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायला सगळेच बसतात. मला ते पटत नाही. ज्याचे उपकार आहेत त्याला अजून अक्षरं दिसतायत तोवर लिहावं. म्हणून हे आत्ता लिहितेय. ते वाचतील, चष्मा कपाळावर सरकवतील आणि म्हणतील, "बाई, अक्षर छान आहे. मजकूर जरा जास्त झालाय."

त्यांना सगळे खरखर म्हणतात. मोठी माणसं नुसतं खरखर, लहान मुलं खरखरकाका. लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं त्यांचं दुकान दवाखान्यासमोर होतं, दीड दाराएवढं. भिंतीवर भोंगे उलटे टांगलेले, खाली वायरींची वेटोळी, एका कोपऱ्यात वायरींना डाग द्यायचं काम, त्यामुळे दुकानाला कायम कथलाचा वास. वर फळीवर देवाची एक तसबीर आणि तिच्यासमोर काकांनीच जोडलेला लाल बारका दिवा. दुकानाचं मुख्य बटण दाबलं की तो पहिला लागायचा. "आधी त्याला करंट, मग आपल्याला," असं म्हणायचे.

नाव खरखर का पडलं? तर सभा कुणाचीही असो, ऐन रंगात आली की ह्यांचं मशीन 'खर्रर्र' करायचं. वक्त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, लोक हसायचे, मागून कुणीतरी ओरडायचं, "खरखर, मशीनला काढा पाजा!" काका मान खाली घालून एखादी वायर हलवल्यासारखं करायचे आणि आवाज परत यायचा. नवीन मशीन घ्या असं त्यांना सांगून सगळे दमले. काकू तर म्हणायच्या, "माझा दम्याचा भाऊ ह्यांच्या मशीनपेक्षा सलग बोलतो."

आमच्या गावात दोन पुढारी. एक मालक. पिठाच्या गिरणीचे मालक म्हणून मालक, पण नंतर सगळ्याच गोष्टींचे मालक असल्यासारखे. नगरपालिकेत वर्षानुवर्षं तेच अध्यक्ष. दुसरे कंपाउंडर. एका डॉक्टरांकडे औषधं बांधून देण्याचं काम करायचे. पुढे मोठे झाले, गाडीतून फिरायला लागले, तरी कंपाउंडर ते कंपाउंडरच. हे दोघं आधी एकाच पक्षात होते, एकमेकांच्या घरी उठबस होती. मग त्यांच्यात जे वैर आलं त्याची कारणं शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत आम्ही फार विद्वानासारखी सांगायचो. तत्त्वाचा प्रश्न, विकासाची दिशा, आणखी काय काय. खरं कारण एक वाक्य होतं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दवाखान्याचं उद्घाटन होतं. कंपाउंडरांनी तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तो दवाखाना आणला होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत नुकती लागलेली. चौथीच्या मुलांना स्वागतगीतासाठी घेऊन व्यासपीठाच्या डाव्या बाजूला उभी होते. दोन चौक्या जोडून व्यासपीठ केलेलं, वर पांढरी चादर. मालक मधल्या खुर्चीवर, त्यांच्यासमोर माइक. कंपाउंडर सगळ्यात कडेच्या खुर्चीवर, नवा सदरा घालून. त्यांच्या आईला पायांमुळे चालवत नव्हतं. ती बाजारच्या कोपऱ्यावरच्या आपल्या घराच्या दारात स्टूल टाकून बसली होती. तिथल्या खांबावर एक भोंगा बांधलेला. लेकाचं नाव त्यातून येणार, असं तिला सांगून ठेवलं होतं.

कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मालक शेजारच्या डॉक्टरांकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "ह्या बाटल्या धुणाऱ्याला वर कुणी बसवलं? उद्या झाडूवाल्याच्या हातात कात्री द्या, फीत कापायला."

ते हळूच म्हटलेलं वाक्य चारही भोंग्यांतून गावभर गेलं.

मग सगळं मैदान हसलं. मीही हसले. मुलं हसली म्हणून हसले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं सांगायचं तर मुलं माझ्याकडे बघून हसली होती.

कंपाउंडर उठले. खुर्ची नीट मागे सरकवली. चार पायऱ्या उतरले, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेले, कुणाकडे बघितलं नाही. चौथी पायरी डुगडुगत होती, तीवर त्यांचा तोल गेला, तेव्हा पुन्हा कुणीतरी हसलं. मालकांचा चेहरा मी पाहिला. तो पांढराफटक पडला होता. पण लगेच त्यांनी मान ताठ केली आणि माइक ओढून स्वागताचे शब्द बोलायला लागले, जणू जे झालं ते ठरवूनच केलं होतं.

पुढच्या निवडणुकीत कंपाउंडर मालकांच्या विरोधात उभे राहिले. तेव्हापासून गावाचे दोन तुकडे. चहाची दुकानं दोन, वाचनालयं दोन, रस्त्याच्या दोन बाजूंचे दिवे वेगवेगळ्या दिवशी लागायचे. एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने थांबवायचं. मालकांनी दवाखान्याला वरचा मजला बांधायला घेतला, जिना झाला आणि निवडणूक आली. कंपाउंडर निवडून आले. त्यांनी काम बंद केलं. बाळंतिणींची खोली वर होणार होती, ती राहिली. जिना मात्र तसाच. सतरा पायऱ्या चढल्या की पुढे आभाळ. लोक त्यावर गोधड्या वाळत घालायचे. बाळंतपणासाठी बायका तीस किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जायच्या, काही वाटेतच बाळंत व्हायच्या.

आठ वर्षांनी कंपाउंडर माझ्या घरी आले. म्हणाले, "बाई, उभ्या राहता का?" आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. अर्ज करून माझं अक्षर सुधारलं, बाकी काही झालं नाही. म्हणून मी हो म्हटलं.

माझी दुखरी जागा गावाला माहीत होती. माझे यजमान मला आणि मुलीला टाकून दुसरीकडे संसार थाटून बसले होते. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण पाठ फिरली की बोलायचे. बाजारपेठेत मालकांची सभा होती, तेव्हा मी दोरखंडवाल्याच्या दुकानाआड मुलीचा हात धरून उभी राहिले. जायला नको होतं. पण दुखऱ्या दाताला जीभ जातेच.

मालक रंगात आले होते. आवाज एकदम गोड झाला. "आणि आमच्या समोर उभं कोण आहे? एक बाई! जिला स्वतःचा नव..."

खर्रर्र.

चारही भोंगे नुसते खरखरत राहिले. मालकांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी माइकला चापट मारली. लोक हसायला लागले, पण मशीनला हसले. कुणीतरी नेहमीचा काढा पाजायला सांगितला. काका वायरींमध्ये डोकं खुपसून बसलेले. आवाज आला तोवर मालकांचा धागा तुटला होता. ते गटारांवर बोलायला लागले.

मुलगी नऊ वर्षांची. तिने विचारलं, "आई, तुला काय म्हणत होते?"

"काही नाही गं. गटारांचं."

घरी येऊन मी देवासमोर उभी राहिले. माझं देवाशी बोलणं थोडक्यात असतं, त्याला कामं असतात. म्हटलं, "देवा, वायर सैल केलीस. आठवण ठेवीन." त्या सभेत ते वाक्य पुरं झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी निवडून आले. संडास झाला, दोन झाले.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते गाळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. मालकांना मधल्या काळात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं, तरी सभा सोडल्या नव्हत्या. आणि माझ्या मनात ते अर्धं वाक्य पाच वर्षं शिजत होतं. न ऐकलेला अपमान ऐकलेल्यापेक्षा जास्त टोचतो, कारण तो आपण स्वतःच रोज पुरा करतो. मी आरशासमोर वाक्य तयार केलं. तीन दिवस घासलं, धारदार केलं. सभेत माझी पाळी आली. मी माइकजवळ गेले आणि अगदी मऊ आवाजात म्हटलं, "ज्यांचं स्वतःचं तोंड..."

खर्रर्र.

मी माशासारखं तोंड उघडून उभी. शेवटी खाली बसले. व्यासपीठावर कंपाउंडर कडाडले, "ह्या खरखरला परत आपल्या सभेला बोलवायचं नाही! हा त्यांचा माणूस आहे!" गंमत म्हणजे मालकांच्या गोटात काकांना कंपाउंडरांचा माणूस समजायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तरातरा दुकानात गेले. काका मशीन उघडून बसले होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. ह्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, बसणारा भांडायला लागला की तेही डुलायचं.

"काका, ऐन वेळी कसं हो तुमचं मशीन बिघडतं? इतर वेळी बरं चालतं!"

"जुनं आहे, बाई."

"जुनं-बिनं मला सांगू नका. पंचवीस मिनिटं कंपाउंडर बोलले, एकदा खरखरलं नाही. माझं तोंड उघडलं आणि..."

मी तावातावाने पुढे झुकले, तेव्हा स्टूल डुललं आणि माझा पाय टेबलाखाली कशावर तरी पडला. टेबलावरचं मशीन म्हणालं, "खर्रर्र."

मी पाय उचलला. थांबलं. परत ठेवला. खर्रर्र.

खाली वाकून बघितलं. लाकडाच्या पट्टीवर दारावरच्या घंटीचं असतं तसं एक बटण ठोकलेलं. त्यातून दोन वायरी मशीनकडे गेलेल्या. बटण गुळगुळीत झालं होतं, कुणाच्या तरी अंगठ्याने वर्षानुवर्षं झिजल्यासारखं.

काकांनी दुकानाचं दार लोटून घेतलं.

"दवाखान्याच्या उद्घाटनाला तुम्ही होतात ना?" त्यांनी विचारलं.

"होते."

"तो माइक मी चालू ठेवला होता."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी बाजारच्या कोपऱ्यावरचा भोंगा गप्प होता. कंपाउंडरांची आई खाली बसलेली, तिला ऐकू यायला हवं, म्हणून काका शिडी घेऊन तिकडे गेले. भोंगा लागला की नाही हे कळायला त्यात आवाज हवा, म्हणून माइक बंद केला नाही. व्यासपीठावरच्या कुणाला सांगायचंही राहिलं. "नियम असा आहे बाई, की पाहुणे येऊन बसले की मशीन सोडायचं नाही. मी सोडलं. शिडीवर होतो, भोंग्याला कान लावून. वायर जोडली आणि पहिलंच वाक्य ते आलं. गावाच्या आधी माझ्या कानात. खाली बघितलं तर म्हातारी वर बघत होती. मला म्हणाली, 'अरे, हे माझ्या पोराला म्हणाले का?'"

डाग द्यायची सळई तापून धूर काढत होती.

"मालकांना माहीतच नव्हतं माइक चालू आहे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"नव्हतं. पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही. सांगणार काय? की मी पाठीमागे बोललो होतो, पुढ्यात नाही? त्यापेक्षा मुद्दाम बोललो हे मोठेपणाचं वाटलं. आणि कंपाउंडरला वाटतं चारचौघांत ठरवून अब्रू काढली. दोघांच्या मधे माझी एक वायर आहे."

म्हणून त्यांनी ते बटण बसवलं होतं. त्या दिवसानंतर मशीन सोडून कधी उठले नाहीत, पाय बटणावर. मी त्यांना म्हटलं, लोकांचं बोलणं तोडायचा तुम्हाला काय अधिकार? तेव्हा त्यांनी आपला कायदा सांगितला.

"कामावर बोललं की पाय वर. रस्ता खाल्ला म्हणा, चोर म्हणा, नालायक म्हणा, माझं मशीन साफ चालतं. बापावर गेले, बाईमाणसावर गेले, शरीरावर, पोटाच्या धंद्यावर गेले, की पाय खाली."

"पण कळतं कसं, पुढे काय येणार ते?"

"अपमान करणारा माणूस आधी श्वास घेतो. मग माइकच्या जवळ येतो. आणि आवाज लाडिक करतो. खरं चिडलेला माणूस माइकपासून लांब जातो, बघा तुम्ही. काल तुम्ही इतक्या जवळ आलात की मला वाटलं माइकचा मुका घेताय."

मला हसू आलं आणि रडूही. तेवढ्यात आतल्या दारातून काकू चहा घेऊन आल्या. "दार का लावलंय? मशीनला वारा लागतो की काय आता?" असं म्हणून कप ठेवून गेल्या. काकूंनाही हे माहीत नव्हतं. गावभर नवरा टिंगलीचा विषय झालेला, गावात नव्या दुकानदाराची स्पीकरची मोठमोठी खोकी आल्यावर कामं कमी झालेली, आणि ही बाई रोज त्या मशीनला शिव्या घालायची. काकांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"चुकतंही कधी कधी," ते म्हणाले. "एकदा एक जण म्हणाले, 'ह्यांच्या बापानं...' मी दाबला पाय. नंतर कळलं, 'ह्यांच्या बापानं शाळेला जागा दिली' म्हणून कौतुक करत होते! ते घराणं अजून माझ्याशी बोलत नाही."

मी निघाले. दारात होते, तेव्हा ते मागून म्हणाले, "बाई, पाच वर्षांपूर्वी, दोरखंडवाल्याच्या इथे. तेव्हा पण हाच पाय होता."

पाच वर्षं मी देवाचे आभार मानत होते. ते चुकलं नव्हतंच. फक्त देवाने काम कुणाला सांगितलं होतं ते मला माहीत नव्हतं.

मालकांबद्दलचं ते वाक्य मी पुन्हा कधी तयार केलं नाही. ती निवडणूक मी हरले. वाईट वाटलं, पण झोप लागली.

काकांचं गुपित मी पोटात ठेवलं. त्यांना मात्र ते सोसवत नव्हतं. कंपाउंडरांना सांगायचं आहे, सांगायचं आहे, असं दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचे. मग म्हणायचे, "आज नको. माणूस तापट आहे, राग घरावर काढील." अशी सात वर्षं गेली. मग त्यांचे कान गेले.

डावा आधीच शिट्टी वाजवायचा, उजवाही मंद झाला. एका पोटनिवडणुकीत सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा होती, एक फळविक्रेता पहिल्यांदाच उभा राहिला होता. बोलणाऱ्याने त्याच्या बायकोवरून काहीतरी ओंगळ काढलं. काकांचा पाय उशिरा पडला. वाक्य पूर्ण गेलं. खरखर त्याच्या मागून आली, हसण्याच्या मधोमध. फळवाला उठला, खुर्ची सरकवली आणि उतरून चालायला लागला.

"तीच चाल, बाई," दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले. "तशीच खुर्ची सरकवली. आता वीस वर्षं हे पुन्हा. माझा पाय आता वेळेवर पडणार नाही. उरलंय ते तोंड. ते तरी वेळेवर उघडू दे."

त्याच महिन्यात दवाखान्याला वीस वर्षं झाल्याचा कार्यक्रम होता. कंपाउंडर अध्यक्ष होते. मशीन नव्या दुकानदाराचं यायचं होतं, पण त्याची खोकी दुसऱ्या गावी अडकली म्हणून नाइलाजाने खरखरला सांगितलं गेलं. काका मला म्हणाले, तिथेच बोलतो.

मी म्हटलं, "अहो, घरी जाऊन सांगा. चारचौघांत कशाला? लोक तुम्हाला फाडून खातील."

"घरात सांगितलं तर घरात राहील. जखम चारचौघांत झालीय, चारचौघांतच धुवायला हवी. आणि हसले तर हसू देत. मला सवय आहे."

संध्याकाळचे पाच. तीच जागा, तशाच जोडलेल्या चौक्या. मालक चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होते. सुनेने आणलं होतं, दवाखान्यात दाखवायला आले आणि कार्यक्रमात अडकले. कंपाउंडरांनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, आता एकवीस वर्षांची, पोटुशी.

आभाराच्या आधी काका उठले. बटणावरचा पाय काढला आणि माइकशी गेले. तीस-बत्तीस वर्षांत त्या माइकवर त्यांनी 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' सोडून काही म्हटलं नव्हतं. लोकांना वाटलं मशीन बघायला आले. एकाने काढ्याची आठवण केली.

"वीस वर्षांपूर्वी," काका म्हणाले, "ह्या जागी माइक चालू राहिला होता. तो मी ठेवला होता. मालकांना ते ठाऊक नव्हतं. ते बोलले ते वाईटच बोलले. पण गावाला ऐकवायला बोलले नव्हते. गावाला मी ऐकवलं. कंपाउंडरसाहेब, तुमच्या आईच्या कानापर्यंत ती वायर मी जोडली. माझी चूक आहे. मला वीस वर्षं उशीर झाला, तीही माझीच चूक आहे."

कुणी हसलं नाही. कंपाउंडर खुर्चीवर खिळले होते. त्यांची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ते माइकशिवायच म्हणाले, "म्हणजे त्यांना माहीत नव्हतं?"

"नाही."

"आणि तू आज सांगतोस?"

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे मारायला उठणार. ते उठलेही. पण तेवढ्यात पहिल्या रांगेतून मालकांनी हात वर केला. चांगला होता तो हात. त्यांच्या तोंडून आवाज निघत होता, शब्द लागत नव्हते. सून घाबरली. कुणीतरी म्हणालं, "माइक द्या त्यांना, माइक!"

काकांनी लांब वायरीचा माइक उचलला आणि मालकांच्या खुर्चीपर्यंत नेला. कंपाउंडर व्यासपीठाच्या कडेला आले होते. मालक त्यांच्याकडे बघत होते, त्यांच्याचकडे. ओढलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. सगळं मैदान कान टवकारून बसलं. वीस वर्षांची मजा आता फुकटात ऐकायला मिळणार होती.

काकांनी माइक मालकांच्या तोंडाशी धरला नाही. माइकची मान फिरवून तो सुनेच्या हातात दिला, मशीनपाशी परत गेले आणि आपल्या हाताने, सगळ्यांना दिसेल असं, मुख्य बटण बंद केलं. मशीनवरचा लाल दिवा विझला.

कंपाउंडर चार पायऱ्या उतरले. मालकांच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. मालकांचं बोलणं लागेना, म्हणून खाली वाकले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मग कंपाउंडरही काहीतरी बोलले. मी चार हातांवर होते, पण मला ऐकू आलं नाही, आणि आलं नाही तेच बरं झालं.

मागून कुणीतरी ओरडलं, "ए खरखर! आवाज!"

काका मोठ्याने म्हणाले, "मशीन बिघडलंय!"

तेव्हा मात्र सगळे हसले. कंपाउंडरही, वाकलेलेच, हसताना मी पाहिले.

ह्यापुढे दोघं गळ्यात गळे घालून फिरले असं काही झालं नाही. पुढच्या निवडणुकीत दोन गट होतेच, मालकांचा मुलगा कंपाउंडरांच्या विरोधात उभा राहिला आणि पाण्यावरून चांगलं सडकून बोलला. पण बापावर कुणी गेलं नाही. काकांशी कंपाउंडर वर्षभर बोलले नाहीत. तेही मी समजू शकते. काकूंनी मात्र हिशेब तिथेच चुकता केला. कार्यक्रमाहून घरी येताच म्हणाल्या, "म्हणजे मशीन चांगलं होतं? आणि मी वीस वर्षं त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या! ह्यांना घालायच्या सोडून!"

फळवाल्याकडे काका स्वतः गेले. काय बोलले माहीत नाही. तो आजही दुकानासमोर गाडी लावतो आणि काकांना पपई नरम बघून देतो.

वरच्या मजल्याचं काम त्याच पावसाळ्यानंतर सुरू झालं. कंपाउंडरांनी ठराव मांडला, मालकांच्या मुलाने अनुमोदन दिलं. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण तीस किलोमीटरवर झालं, वाटेतले तास मी अजून विसरले नाही. दुसरं वर झालं, त्या खोलीत. आमची नात तिथे जन्मलेली चौथी. मी त्या सतरा पायऱ्या चढून गेले, तेव्हा शेवटच्या पायरीपुढे आभाळाऐवजी दार होतं, हिरव्या रंगाचं. क्षणभर तिथेच उभी राहून मी हात जोडले. आत जायची घाई होती, म्हणून देवाला एवढंच म्हटलं की आभार दोघांना पोचव, एक तुला आणि एक समोरच्या दुकानातल्याला.

खाली आले. काका दुकानाच्या दारात स्टुलावर बसले होते. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मी दोन्ही हातांनी बाळ धरल्यासारखं करून दाखवलं आणि बोट वर करून 'मुलगी' म्हणून सांगितलं.

"आवाज कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी हात फाकवून दाखवलं. मोठा.

"मग झालं," काका म्हणाले. "साफ आहे ना? खरखर नाही ना?"